फुकट : ईयोबाचं प्रकरण

‘ईयोब देवाला भिऊन वागतो, ते काय फुकट?’

हिब्रू पवित्रशास्त्रातल्या ईयोबाच्या पुस्तकात हा प्रश्न पहिल्याच अध्यायाच्या नवव्या वचनात येतो. बेचाळीस अध्यायांचं हे पुस्तक दुःख का येतं याची चर्चा करणारं म्हणून ओळखलं जातं. पण प्रकरणाची पहिली नोंद हेतूबद्दलची आहे: हा माणूस देवाला धरून आहे तो कशासाठी? दुःख त्या चौकशीचं साधन म्हणून मागाहून येतं.

प्रश्नातला मूळ शब्द ‘हिन्नाम’. त्याला तीन छटा आहेत: मोबदल्याशिवाय, विनाकारण आणि व्यर्थ. आपल्या ‘फुकट’मध्ये या तिन्ही बसतात. भाजीबरोबर कोथिंबीर फुकट मिळते, बिनकामाचा हेलपाटा फुकट जातो, आणि दुसऱ्याच्या चुकीपायी फुकटचा मार बसतो. पुस्तकात हा शब्द चार वेळा येतो आणि दर वेळी वेगळ्याच्या तोंडून: आधी आरोप करणाऱ्याच्या, मग खुद्द देवाच्या, मग ईयोबाच्या, शेवटी त्याच्या मित्राच्या. त्या चार जागा धरून हे प्रकरण मांडणार आहे.

हकीकत

ऊस देशात ईयोब नावाचा माणूस होता. तो इस्राएली होता असं पुस्तक कुठेही म्हणत नाही. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरं, ३,००० उंट, बैलांच्या ५०० जोड्या, ५०० गाढवी आणि नोकरचाकर. निर्दोष, सरळ, देवभीरू, वाइटापासून दूर राहणारा, असं त्याचं वर्णन पहिल्याच वचनात आहे.

त्याच्या भक्तीचं एकच दृश्य आपल्याला सुरुवातीला दिसतं. मुलगे आळीपाळीने एकमेकांच्या घरी जेवणं घालतात, बहिणींनाही बोलावतात. जेवणांची फेरी संपली की ईयोब पहाटे उठतो आणि सगळ्यांच्या संख्येइतकी होमार्पणं करतो. कारण? ‘माझ्या मुलांनी मनातल्या मनात देवाचा अव्हेर केला असेल, कोण जाणे.’ कुणी काही केलेलं नाही, कुणी काही बोललेलं नाही. तरी पहाटेच्या अंधारात बाप एकेका लेकराच्या नावाने जाळ पेटवतो, आणि ‘असं तो नेहमी करी’ अशी पुस्तकाची नोंद आहे. ही भक्ती खरी आहे, पण तिच्या पोटात धास्ती आहे. पुढे जे घडतं ते वाचताना ही पहाट लक्षात ठेवावी लागते.

आरोप

स्वर्गातल्या दरबारात ‘हा-सातान’ येतो. ‘हा’ हे हिब्रूतलं निश्चित उपपद, म्हणजे हे व्यक्तीचं नाव नाही, हुद्दा आहे: विरोधी बाजू मांडणारा, आरोप ठेवणारा. नंतरच्या काळातला शिंगं-शेपटीचा सैतान इथे नाही. तो पृथ्वीवर फिरून माणसांची पारख करतो आणि देवासमोर आपलं मत मांडतो. देव ईयोबाचं कौतुक करतो तेव्हा तो म्हणतो: तूच त्याच्याभोवती, त्याच्या घराभोवती कुंपण घातलं आहेस, त्याच्या हाताला यश दिलं आहेस. ते काढून घे, मग बघ तो तोंडावर तुला काय म्हणतो.

मला हा प्रश्न रास्त वाटतो. देणं आणि भजणं जोवर हातात हात घालून चालतात तोवर कोण कोणामुळे चाललं आहे ते सांगता येत नाही. नवस फेडणाऱ्यालाही ते स्वतःपुरतं सांगता येत नाही. ज्यू धर्मपंडितांच्या (त्यांना रब्बी म्हणतात) चर्चांचा प्राचीन संग्रह म्हणजे तालमूद. त्याच्या बाबा बात्रा या भागात रब्बी लेवी तर म्हणतात की सातानाचा हेतू देवाच्या बाजूचाच होता. ईयोबाच्या कौतुकात देवाला ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याच्या प्रेमाचा विसर पडेल, याची त्याला काळजी वाटली.

प्रश्न रास्त असला तरी तपासायची रीत भयंकर आहे. देणं काढून घ्यायचं आणि भजणं टिकतं का बघायचं. शिवाय ईयोबाला काही कळता कामा नये. ‘ही परीक्षा आहे, टिकलास तर जिंकलास’ हे त्याला ठाऊक झालं असतं तर टिकण्यालाही मोबदला चिकटला असता आणि परीक्षाच बाद झाली असती. म्हणून पुस्तक संपेपर्यंत ईयोबाला त्या दरबारातली गोष्ट कळत नाही. वाचकाला कळते, त्याला नाही. दुःखात असलेल्याला ‘देव आपल्याच माणसाची परीक्षा बघतो’ असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. हे वाक्य ईयोबाच्या कानावर पडेल अशी सोय पुस्तकाने मुद्दाम ठेवलेली नाही.

एका दिवसात चार निरोपे येतात. शबाई लोकांनी बैल-गाढवी नेल्या. आकाशातल्या अग्नीने मेंढरं जाळली. खास्द्यांनी उंट पळवले. वादळाने घर कोसळलं आणि दहाही मुलं गेली. पहिल्याचं बोलणं संपत नाही तोच दुसरा येतो आणि चौघांचंही शेवटचं वाक्य तेच: ‘मी एकटाच निभावलो, तुला सांगायला.’ ईयोब झगा फाडतो, डोकं भादरतो, जमिनीवर पडतो. नागवा आलो, नागवा जाईन. देवाने दिलं, देवाने नेलं. त्याचं नाव धन्य असो.

दुसऱ्या दरबारात देव म्हणतो: तो अजून सचोटीला धरून आहे, ‘आणि तू मला त्याच्याविरुद्ध चिथावलंस, त्याचा फुकट नाश करायला’. शब्द तोच, हिन्नाम. आरोप करणाऱ्याने विचारलं होतं भक्ती फुकट आहे का, आणि आता देवाच्या तोंडून कबुली येते ती दुःख फुकट असल्याची. ईयोबाच्या वेदनेमागे त्याचा काही अपराध होता ही शक्यता इथेच, दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात, कायमची संपते. पुढे मित्रांची भाषणं कितीही भारदस्त झाली तरी त्यांचा पाया या वचनाने आधीच उखडलेला आहे.

सातान पुन्हा सरसावतो: कातडीच्या बदली कातडी, हाडामांसाला हात लाव, मग बघ. ईयोबाला तळपायापासून टाळूपर्यंत गळवं येतात. तो राखेत बसून खापरीच्या तुकड्याने अंग खरवडतो. बायकोच्या वाट्याला हिब्रूत सहा शब्द आहेत: अजून सचोटी धरून बसला आहेस? देवाला ‘आशीर्वाद’ दे आणि मर. शाप हा शब्द देवाच्या नावाजवळ लिहायचा नाही म्हणून तिथे उलटा शब्द लिहिला आहे. या सहा शब्दांवरून तिला शतकानुशतकं दूषणं मिळाली. दहा मुलं तिचीही गेली होती. जुन्या ग्रीक भाषांतराने, सेप्तुआजिंतने, या जागी तिचं लांब भाषण घातलं आहे. त्यात ती मजुरी करत घरोघर फिरते, सूर्य मावळायची वाट बघते. मूळ हिब्रूत ते नाही, पण ज्या कुणी ते घातलं त्याला निदान तिच्याकडे बघावंसं वाटलं.

मित्रांचा सौदा

अलीफज, बिल्दद आणि सोफर येतात. लांबून बघतात तर ईयोब ओळखू येत नाही. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. हे त्यांनी बरोबर केलं. सुतकात बसलेला माणूस तोंड उघडेपर्यंत सांत्वनाला आलेल्यांनी बोलू नये, हा ज्यू नियम तालमूदने या प्रसंगावरूनच काढला आहे.

ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्माच्या दिवसाला शाप देतो. आरोप करणाऱ्याने ज्याला संरक्षणाचं कुंपण म्हटलं होतं त्याच प्रतिमेत तो म्हणतो: देवाने ज्याला चहूकडून कोंडलं आहे त्याला उजेड कशाला? कुंपणच कोंडवाडा झालं. इथून मित्र बिथरतात. त्यांची अडचण समजून घेण्यासारखी आहे. ‘अनुवाद’ नावाच्या, मोशेच्या नियमशास्त्रातल्या पुस्तकात, अठ्ठाविसाव्या अध्यायात, आज्ञा मोडणाऱ्यांसाठी शापांची यादी आहे, आणि त्यात ‘तळपायापासून टाळूपर्यंत’ वाईट गळवं येतील असं अक्षरशः याच शब्दांत लिहिलं आहे. मित्रांना समोरच्या देहावर ती ओळ दिसते. शास्त्र खरं तर माणूस दोषी, एवढं सरळ गणित.

पण मित्र निदानावर थांबत नाहीत, उपायही सांगतात, आणि या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथे आहे. बिल्दद म्हणतो: देवाचा धावा कर, तुझा आरंभ छोटा होता तरी शेवट मोठा होईल. सोफर म्हणतो: दुष्टाई दूर कर, म्हणजे निर्धास्त झोपशील, चार लोक तुझी मर्जी राखायला येतील. अलीफज बाविसाव्या अध्यायात म्हणतो: देवाशी समेट कर, त्याने तुझं भलं होईल. तिघांची मागणी एकच. न केलेलं पाप कबूल कर आणि गेलेलं परत घे.

म्हणजे तिघेही नकळत आरोप करणाऱ्याच्या बाजूने उभे आहेत. भक्ती म्हणजे देवाणघेवाण असं त्याने म्हटलं होतं, आणि हे धर्मनिष्ठ लोक तीच देवाणघेवाण ईयोबापुढे औषध म्हणून ठेवतात. ईयोबाने मान डोलावली असती, चारचौघांत रडून खोटी कबुली दिली असती, तर बाहेरून ती मोठी भक्ती दिसली असती. सातानाने खटला मात्र जिंकला असता. अलीफज तर ईयोबावर थेट गुन्हा लादतो: तू आपल्या भावांकडून फुकट, म्हणजे कारण नसताना, गहाण ठेवून घेतलंस, उघड्यांचे कपडे काढून घेतलेस. पुराव्याचा मागमूस नाही. शास्त्राची बाजू राखायला एका निरपराध माणसाचं चारित्र्य बळी जातं. मृत्यूच्या घरी, आजाऱ्याच्या खाटेपाशी आपणही हे ऐकलेलं असतं: काहीतरी केलं असणार, त्याशिवाय का. असं बोलणाऱ्यालाही बहुतेक स्वतःचीच भीती वाटत असते. ईयोब सहाव्या अध्यायात तेच सांगतो: तुम्ही अनर्थ बघितलात आणि घाबरलात.

ईयोबाचा नकार सत्ताविसाव्या अध्यायात आहे: मरेपर्यंत मी माझी सचोटी सोडणार नाही. तो देवालाही सोडत नाही. मित्र देवा‘विषयी’ बोलतात, ईयोब बोलता बोलता वळतो आणि देवा‘शी’ बोलू लागतो. दोष देतो, कोर्टात खेचीन म्हणतो, आमच्या दोघांच्या मध्ये हात ठेवणारा लवाद नाही म्हणून कळवळतो. ‘तो फुकट माझ्या जखमा वाढवतो’, हे नवव्या अध्यायातलं वाक्य. हिन्नाम पुन्हा, आणि या वेळी अर्थ बरोबर तोच, जो देवाने दुसऱ्या अध्यायात कबूल केला होता. ईयोबाने तो दरबार पाहिलेला नाही, तरी त्याचं निदान अचूक आहे. मित्रांना तो एक प्रश्न विचारतो तो मला पुस्तकातला सगळ्यात धारदार वाटतो: देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही खोटं बोलणार का?

आणि दुःखाने त्याची नजर बदलते. चोविसाव्या अध्यायात तो स्वतःचं बोलणं सोडून भलत्याच माणसांबद्दल बोलायला लागतो: थंडीत पांघरुणाशिवाय झोपणारे, डोंगरातल्या पावसाने भिजून कातळाला बिलगणारे, उपाशीपोटी दुसऱ्याच्या पेंढ्या वाहणारे, तहानलेले राहून दुसऱ्याची द्राक्षं तुडवणारे. डोक्यावर धान्य आणि पोटात भूक. ईयोब पूर्वीही दानशूर होता, दारी आलेल्याला त्याने विन्मुख पाठवलं नव्हतं. पण ‘यांचं असं का?’ हा प्रश्न तो राखेत बसल्यावर विचारतो.

एका अक्षराचा घोळ

तेराव्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात ईयोब म्हणतो: तो मला मारून टाकील… आणि पुढे लिहिलेला शब्द आहे ‘लो’, म्हणजे ‘नाही’: मला आशा नाही. परंपरेने वाचायचा शब्दही ‘लो’च, पण स्पेलिंग वेगळं, अर्थ ‘त्याच्यावर’: तरी मी त्याच्यावर आशा ठेवीन. कानाला दोन्ही सारखे. श्रद्धा आणि निराशा यांच्यात उच्चाराचाही फरक नाही.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, सोटा या भागात, यावर वाद आहे. रब्बी यहोशुआ बेन हूर्कानोस म्हणतात ईयोबाने देवाची सेवा केली ती केवळ प्रेमापोटी, आणि हेच वचन दाखवतात. लगेच शंका येते: कुठला ‘लो’? तेव्हा सचोटी न सोडण्याचं सत्ताविसाव्या अध्यायातलं वचन पुढे करून निकाल दिला जातो. ते ऐकून दुसरे रब्बी यहोशुआ उद्गारतात: योहानान बेन झक्काई, तुमच्या डोळ्यांवरची माती कोण दूर करील! तुम्ही जन्मभर शिकवलंत की ईयोबाने सेवा केली ती भीतीपोटी, आणि आज तुमच्या शिष्याचा शिष्य शिकवतो आहे की प्रेमापोटी. ज्यांची ही मतं होती ते योहानान बेन झक्काई इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर जळालं त्या काळातले. तेव्हा भक्तीमागे भीती की प्रेम, हा प्रश्न त्या मंडळींना नुसता अभ्यासापुरता नव्हता.

मला दोघांचंही पटतं. पहाटे होमार्पणं करणारा ईयोब भीतीपोटीचा होता. राखेतला ईयोब आणखी काय भिणार?

संपूर्ण बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपुढेही हे वचन आलं असणार. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि केडगावच्या मुक्ती सदनात हे भाषांतर पुरं होण्याच्या सुमारास, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्या वर्षी, ५ एप्रिलला, त्या स्वतः गेल्या. ‘देवाने दिलं, देवाने नेलं’ हे वाक्य मराठीत लिहायला बसलेल्या त्या बाईंचा हात मला नेहमी डोळ्यांपुढे येतो.

वावटळीतून

अलीहू नावाचा तरुण मध्येच सहा अध्याय बोलतो. त्याला कुणी उत्तर देत नाही. मग देव वावटळीतून बोलतो. ईयोबाने आरोपपत्र मागितलं होतं. देव त्याला पहाट, समुद्राची दारं, बर्फाची कोठारं, रानगाढव, शहामृग, गरुडाची पिल्लं दाखवतो. पैजेचा उल्लेख नाही, मुलांचा नाही, गळवांचा नाही. हे उत्तर अनेकांना दरडावणी वाटतं. पूर्वी मलाही वाटायचं.

मग अडतिसाव्या अध्यायातलं एक वचन नीट वाचलं. देव विचारतो: जिथे माणूस नाही अशा भूमीवर पाऊस कोण पाडतो, ओसाड रान तृप्त करायला, गवताचा कोंब फुटावा म्हणून? अनुवादाच्या पुस्तकात पाऊस हे बक्षीस आहे. आज्ञा पाळा, वेळेवर पाऊस येईल, नाहीतर आकाश बंद. ज्यू लोक रोजच्या प्रार्थनेत ते वचन म्हणतात. आणि इथे देव अशा जागेचा पाऊस दाखवतो जिथे आज्ञा पाळायला किंवा मोडायला कुणीच नाही. तो पाऊस कुणाच्या पुण्याईचा नाही. हिन्नाम हा शब्द इथे येत नाही, पण गोष्ट तीच आहे. माणसाची भक्ती फुकट असू शकते का, या प्रश्नासमोर देव स्वतःचं फुकट देणं ठेवतो.

ईयोबाचं शेवटचं उत्तर भाषांतरकारांना छळतं. ‘म्हणून मी नाकारतो’, पण काय, ते लिहिलेलं नाही. पुढचं क्रियापद ‘निहाम्ती’: पस्तावलो, किंवा मन शांत झालं, सांत्वन पावलो. धूळ आणि राख यांत बसून, की त्यांच्याबद्दल, हेही उघडं आहे. बहुतेक भाषांतरं पश्चात्ताप निवडतात. पण लगेच पुढच्याच वचनात देव अलीफजाला म्हणतो: माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकला आहे, कारण माझा सेवक ईयोब जसं बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत. देवाची वकिली करणारे खोटे, देवावर खटला भरणारा खरा. हा निकाल डोळ्यांआड करून ईयोबाला सोशीकपणाचा नमुना म्हणणं मला मान्य नाही. तो पहिल्या दोन अध्यायांत सोशीक आहे, पुढे जवळजवळ चाळीस अध्याय नाही.

दुप्पट

मग ईयोब त्याच मित्रांसाठी प्रार्थना करतो, गळवं असतानाच, आणि त्यानंतर त्याचं गेलेलं परत येतं, दुपटीने: १४,००० मेंढरं, ६,००० उंट, १,००० जोड्या बैल, १,००० गाढवी. इथे अनेक वाचक हिरमुसतात. शेवटी मोबदला मिळालाच की! पण हिशेबाच्या क्रमाकडे लक्ष द्यावं. प्रश्नाचा निकाल लागला तेव्हा हातात काही नव्हतं. शिवाय निर्गम या नियमशास्त्रातल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात चोरीचा माल सापडला तर चोराने दुप्पट भरायचं असा कायदा आहे. पुस्तक तसं म्हणत नाही, तरी त्या दुपटीत मला बक्षिसापेक्षा भरपाई जास्त दिसते, ‘फुकट नाश केला’ या कबुलीची भरपाई.

मुलं दुप्पट होत नाहीत. पुन्हा सात मुलगे, तीन मुली. गेलेली दहा परत येत नाहीत, आणि पुस्तक तसं भासवतही नाही. भाऊ, बहिणी, ओळखीचे येतात, त्याच्या घरी भाकर खातात आणि ‘परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या सगळ्या अरिष्टाबद्दल’ त्याचं सांत्वन करतात. सगळं परत मिळालेल्या माणसाचंही सांत्वन करावं लागतं.

पहिल्या दहा मुलांपैकी एकाचंही नाव पुस्तकात नाही. नव्या मुलग्यांचीही नाहीत. मुलींची मात्र आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूख. पहिलं नाव बहुधा पारव्याचं, दुसरं सुवासिक सालीचं, तिसरं काजळ ठेवायच्या शिंगाचं. गणना या नियमशास्त्रातल्याच पुस्तकातल्या कायद्याप्रमाणे मुलीला वारसा मिळतो तो मुलगा नसेल तरच. ईयोबाला सात मुलगे आहेत. या खेपेला मुलांच्या नावाने पहाटे पेटणाऱ्या होमार्पणांची नोंद नाही. नोंद आहे ती एवढीच, की बापाने तिघींना त्यांच्या भावांबरोबर वतनात वाटा दिला.